निरोगी तरुणांपुरतेच

९ जानेवारी

प्रिय मामा,
नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि तुम्ही तिसऱ्यांदा ‘काय म्हणालीस?’ असं विचारलंत की मला माझंच बोलणं खोटं वाटायला लागतं. म्हणून पत्र.

आधी आईबद्दल. मागच्या आठवड्यात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली. आता रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीजवळची खाट तिने भांडून मिळवली, यावरून प्रकृतीचा अंदाज तुम्हाला येईलच. बहीण तुमचीच आहे. मुळात काडी, आता तर गादीवर आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं. काही आठवडे तिथेच ठेवतील. धावत येऊ नका.

आता माझं. सोबत माझ्या नव्या पेपरची प्रत आहे. तुम्ही निवृत्त झालात तेव्हापासून मी तुमच्याच प्रयोगशाळेत, धुराड्याकडे तोंड केलेल्या त्याच खिडकीपाशी, एकच काम करते आहे : अंथरुणाला खिळलेली, वाळून गेलेली म्हातारी माणसं नुसती पडून असताना किती ऊर्जा जाळतात ते मोजायचं. डोक्यावर पारदर्शक घुमट ठेवायचा आणि श्वासातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड मोजायचा. एका माणसाला अर्धी सकाळ जाते. कोणी खोकतं, कोणाला मध्येच उठायचं असतं, कोणी घुमटाखाली चक्क घोरतं. म्हणून माझे पेपर कमी, आणि सायटेशन त्याहून कमी. आपल्या संस्थेत आता माणसाची ओळख तीच आहे : इतरांनी आपापल्या पेपरांत तुमचं नाव किती वेळा घेतलं. माझा करार जूनमध्ये संपतो. कायमच्या जागेसाठी मे महिन्यात समिती बसेल. हा पेपर त्याआधी स्वीकारला गेला तर समितीपुढे उभं राहायला मला तोंड आहे.

वाचाल का? घाई नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

तुमची,
ठकी

*

२२ जानेवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईची बातमी वाचून काळजात धस्स झाले. ‘धावत येऊ नका’ हे लिहिण्याची गरज नव्हती. मी आता जिनासुद्धा एकेक पायरीची विचारपूस करीत उतरतो.

तुझा निबंध हाती घेतला आहे. पहिल्याच पानावर ‘मोजमाप केले गेले’, ‘निरीक्षण नोंदवले गेले’, ‘निष्कर्ष काढला गेला’! जणू ही सारी कामे खोलीत कोणी नसताना आपोआप झाली. मोजलेस तू, मग कर्त्याला दाराआड कशाला उभे करतेस? स्वल्पविरामांचाही तू मूठमूठभर शिडकावा केला आहेस. तिसऱ्या पानापर्यंतच्या दुरुस्त्या तांबड्या शाईने केल्या आहेत. पुढची तक्त्यांची पाने सवडीने पाहीन. तक्त्यांत भाषा नसते, त्यामुळे तिथे फारसे बिघडण्याजोगे काही नसावे.

एक वार्ता माझीही आहे. संचालकांचे पत्र आले. आपल्या संस्थेतून आजवर प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकी सर्वाधिक संदर्भ माझ्या ऊर्जाव्ययाच्या सूत्राला मिळाले आहेत, असे त्यांच्या गणकयंत्राने त्यांना कळविले. एप्रिल महिन्यात ते सूत्र संस्थेच्या प्रवेशदालनात पितळी अक्षरांत बसविणार आहेत. म्हातारपणी माणसाला मान मिळतो, तो बहुधा टाळ्या ऐकू न येण्याच्या वयात. तरीही खोटे कशाला बोलू, पत्र दोनदा वाचले.

रुग्णाचे वजन, उंची आणि वय त्या सूत्रात घालून त्याचा आहार ठरवितात, असे मी ऐकतो. तुझ्या आईच्या आहारतज्ज्ञ बाईंना सांगून ठेव की सूत्रकर्ता रुग्णाचा सख्खा भाऊ आहे. जेवणाची हेळसांड होणार नाही.

तुझा,
मामा

*

१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,
नमस्कार.

तांबड्या शाईच्या पानांबद्दल आभार. सगळ्या दुरुस्त्या केल्या. पण पेपर त्याआधीच मी धीर करून पाठवला होता आणि काल तो परत आला. दोघा परीक्षकांनी नापास केलाय. एकाने तर एकाच वाक्यात निकाल लावला : ‘हे आकडे सर्वमान्य सूत्राशी जुळत नाहीत; त्या अर्थी मोजण्यात चूक आहे.’ संपादकांनी फेरविचाराला एकच फट ठेवली आहे : या विषयातल्या जाणकाराने बाजूने लिहून दिलं, तर ते पुन्हा बघतील.

ते सर्वमान्य सूत्र तुमचं आहे, मामा. तुम्ही चौथ्या पानावर गेला असतात तर तुम्हाला दिसलं असतं. मी आधीच सांगायला हवं होतं, पण तुमच्या पितळी अक्षरांचं कळल्यावर जीभच रेटेना.

माझे आकडे म्हणतात की वाळलेली म्हातारी माणसं तुमच्या सूत्रापेक्षा बरीच जास्त ऊर्जा जाळतात. कारण तुम्हीच मला शिकवलेलं आहे. शरीर वाळतं तेव्हा आधी स्नायू जातात. मेंदू आणि यकृत आपला वाटा सोडत नाहीत. वजन निम्म्याने उतरलं म्हणून घरचा खर्च निम्म्याने उतरत नाही. त्यात मोडलेलं हाड सांधायचं काम असतंच. सूत्र मात्र वजनाकडे बघून म्हणतं, ‘हिला एवढं पुरे.’ मग एवढंच देतात, आणि माणूस आणखी वाळतो. मग नव्या वजनावर सूत्र आणखी कमी सांगतं.

तुमच्या मूळ पेपरात तुम्ही वसतिगृहातल्या मुलांना मोजलं होतं. हे सूत्र कोणाला लावायचं नाही ते तुम्ही तिथे लिहिलंही आहे. मी तो अक्षर न् अक्षर वाचलाय. तुम्ही संपादकांना तेवढंच पुन्हा लिहाल का?

आईला अजून घरी सोडत नाहीत. तिचं वजन उतरतंय.

तुमची,
ठकी

*

२५ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नात्याने मागितलेली साक्ष ही साक्ष नसते, हे मला तुला सांगावे लागावे याचे वाईट वाटले.

शास्त्रात आकडे जुळले नाहीत म्हणजे आधी आपले घर झाडावे. तुझ्या यंत्राची परीक्षा तू केव्हा घेतलीस? घुमटाखाली मोजून अल्कोहोल जाळ. किती ऑक्सिजन लागायला हवा ते पुस्तकात आहे. ते जुळते का पाहा. रुग्ण खरोखर उपाशीपोटी होते का? वृद्ध माणसे उशीखाली बिस्किटे दडवतात. सकाळी एखादे तोंडात टाकले की दुपारपर्यंत तुझे यंत्र बिस्कीटच मोजत बसेल.

आणि माझ्या निबंधात मर्यादा स्वच्छ नमूद केली आहे, हे तूच म्हणतेस. लोकांनी ती वाचली नसेल, तर त्यात लिहिणाऱ्याचा काय अपराध? मी जगाला चष्मे वाटीत फिरू काय?

एप्रिलच्या समारंभासाठी संस्था मला न्यायला गाडी पाठविणार आहे. तेव्हा तुझ्या आईला भेटेन.

मामा

*

७ मार्च

दादा,

हे पत्र मी पडल्या पडल्या लिहितेय, त्यामुळे ओळी जिन्यासारख्या खाली गेल्यात. तांबडी शाई काढू नकोस, मी नापास व्हायच्या वयाची राहिले नाही.

मला भूक लागलीय. हे वाक्य नीट वाच. आयुष्यात मी कधी ‘भूक नाही’ म्हटलं की तुम्ही सगळे पाठी लागायचात, आणि आता ‘लागलीय’ म्हणते तर कोणी देत नाही. घरचा डबाही आत येऊ देत नाहीत. सकाळी एक उकडलेलं अंडं आणि पावाचा तुकडा. दुपारी वाटीभर सूप, त्यात एक बटाटा एकटा पोहत असतो बिचारा. मी आहारवाल्या बाईंना म्हटलं, ‘बाई, अजून एक बटाटा सोबतीला सोडा की.’ तर तिने फायलीतला कागदच दाखवला. ‘आजी, हे बघा, तुमच्या वजनाला एवढंच बसतं. आणि तुमच्याच भावाचं सूत्र आहे ना हे? मग चुकेल कसं?’ तुझी भाची म्हणाली होती ना तिला, तुझ्या सांगण्यावरून. फार मोठा वशिला लावलास हो माझा.

पोरीने मला परवा त्या काचेच्या टोपलीखाली झोपवलं. मी म्हटलं, ‘माझी भाजी करतेस की काय?’ आकडा आला तो तिने मला दाखवला नाही, पण तिचं तोंड मी लहानपणापासून वाचतेय.

तू तिला बिस्किटांचं लिहिलंस ते तिने मला वाचून दाखवलं. दादा, चोरून बिस्कीट खायला मिळालं असतं तर मी तुला पत्र लिहिलं असतं का? आणि ते अल्कोहोल का काय, ते ती दर आठवड्याला जाळते. तुझ्याच हाताखाली शिकलीय. ती रडत नाही, माझ्यासारखी भांडतही नाही. माझ्या कपाटातलं सामान काढते, पुसते, परत लावते. काल तीनदा लावलं.

तू लहानपणी माझ्या वाटणीचं खायचास ते मी विसरले होते. आता पुन्हा तेच करू नकोस.

तुझी धाकटी

*

५ एप्रिल

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे पत्र आले त्याला महिना होत आला. इतके दिवस मी काय करीत होतो, हे तुला सांगणे लागतो.

तिचे पत्र वाचून दुसऱ्या दिवशी मी इथल्या ग्रंथालयात गेलो. माझ्या सूत्राचा उल्लेख करणारे निबंध तिथल्या मुलीने पडद्यावर काढून दिले. ‘आजोबा, किती हवेत?’ ‘डोळे पुरतील तेवढे.’ मग रोज जात राहिलो. या संख्येचा मला अभिमान होता. ती संख्या म्हणजे वाचक, अशी माझी समजूत होती. ठकी, त्यांतल्या बहुतेकांनी माझा निबंध उघडूनही पाहिलेला नाही. फार पूर्वी एका आढावा-लेखात कोणीतरी ‘निरोगी तरुणांसाठी’ याऐवजी ‘प्रौढांसाठी’ असे लिहिले. दुसऱ्याने ते त्याच्याकडून उचलले, तिसऱ्याने दुसऱ्याकडून. पुढे ‘रुग्णांसाठी’ झाले. मेंढरामागे मेंढरू, आणि सर्वांच्या गळ्यात माझ्या नावाची घंटा. चूक माझी नाही, असे मी घरी परतताना रोज स्वतःला बजावीत असे. ते खरे आहे. पण त्या खरेपणाने कोणाच्या ताटात काही पडत नाही.

मग तुझा निबंध चौथ्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. तक्ते हाताने पुन्हा पडताळून पाहिले. आकडे बरोबर आहेत.

गेल्या मंगळवारी बसने तिकडे येऊन गेलो. तू प्रयोगशाळेत होतीस. मुद्दामच कळविले नाही. तुझी आई उशीवर टेकून बसली होती. मनगट पाहिले आणि मी आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत शिरलो. तरुण आहेत, कामसू आहेत, टेबलावर फायलींची भिंत आहे. मी म्हणालो, ‘या रुग्णाला हे सूत्र लावू नका.’

‘तुम्ही कोण?’

‘सूत्रकर्ता.’

त्यांनी माझ्याकडे, माझ्या काठीकडे आणि माझ्या न जुळणाऱ्या मोज्यांकडे पाहिले. ‘अहो आजोबा, बसा. पाणी देऊ?’

मी ओळखपत्र दाखविले. त्या उठून उभ्या राहिल्या, नमस्कार केला, आणि म्हणाल्या, ‘सर, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मी तुमच्या बोलण्यावर आहार कसा बदलू? उद्या मला विचारतील. तुमचं हे म्हणणं कुठे छापून आलंय का? संदर्भ द्या.’

‘तुमच्या कागदावर माझेच नाव आहे, बाई.’

‘म्हणूनच तर, सर. तुमच्याविरुद्ध जायचं तर तुमच्याएवढंच मोठं नाव हवं.’

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही हेच विचारले असते. खाली उपाहारगृहात जाऊन मी माझ्यासाठी जेवण घेतले, ते वर आणले, आणि तुझ्या आईने ते संपविले. परिचारिका आत आली तेव्हा ताट माझ्या मांडीवर होते आणि चमचा तिच्या तोंडात. ‘दादा, तूच बोल,’ असे ती चमच्याआडून म्हणाली.

त्याच संध्याकाळी संपादकांना लिहिले. प्रत तुझ्यासाठी उतरवितो :

‘माझे सूत्र निरोगी, भरल्या अंगाच्या तरुणांपुरतेच आहे. कृश वृद्धांना ते लावू नये. लावल्यास रुग्ण उपाशी राहतो. आपण नाकारलेल्या निबंधातील मोजमापे मी तपासली असून ती मला निर्दोष वाटतात. निबंधाची लेखिका माझी भाची आहे. माझ्या मताला किती वजन द्यावे ते आपण ठरवावे. तिची मोजमापे मात्र माझ्या नात्यात नाहीत. हे पत्र आपण छापावे.’

संचालकांनाही कळविले की पितळी सूत्राखाली ही मर्यादा पितळी अक्षरांतच लिहावी. त्यांचे उत्तर आले : ‘भिंतीवर जागा पुरत नाही.’ तेव्हा मी त्यांना सूत्रही न लावण्याची विनंती केली. गाडी येणार नाही.

हे सारे मी महिन्यापूर्वी केले असते तर तुझ्या समितीच्या आत काही झाले असते. आता होईल किंवा नाही, सांगवत नाही.

तुझा,
मामा

*

३० मे

प्रिय मामा,
नमस्कार.

पेपर स्वीकारला. पुढच्या अंकात येईल, आणि शेजारच्या पानावर तुमचं पत्र.

कळवलं ते मात्र समितीची बैठक होऊन गेल्यावर. जागा दुसऱ्याला मिळाली. माणूस चांगला आहे. आकडा माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे. संचालक म्हणाले, ‘पुढच्या वर्षी आणखी एक जागा निघेल. तोवर तुमचा आकडा जरा वर आणा.’ जसं काही मी तो माळ्यावर विसरलेय. मुलाखतीत त्यांनी तुमचं नाव काढलं नाही. भिंतीवर आता घड्याळ लावलंय.

तुमच्यामुळे उशीर झाला असं मनात आणू नका. आधी मीच गप्प बसले होते.

संपादकांचं पत्र मी आहारवाल्या बाईंना नेऊन दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, छायाप्रत काढली, फायलीला लावली आणि त्याच दुपारी आईचा आहार वाढवला. सूपमध्ये आता बटाट्यांची सभा भरते, असं आई म्हणते. शिवाय बाईंनीच खटपट करून मला तिथे आठवड्यातून दोन दिवस काम मिळवून दिलं : तशा रुग्णांना सूत्र न लावता मोजायचं. घुमट संस्थेने उसना दिलाय.

माझ्या पेपरात तुमच्या पेपराचा उल्लेख आहे, तेव्हा तुमच्या आकड्यात एकाची भर पडेल. हा एक तरी वाचून दिलेला आहे.

तुमची,
ठकी

*

८ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

जागा गेल्याचे वाचून त्या दिवशी फिरायला गेलो नाही. तुला धीर देणारे वाक्य रचायला बसलो होतो, चार खोडली. जे राहिले ते असे : तू काम चांगले केलेस, आणि त्याचे तुला काही मिळाले नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे मला फार उशिरा समजले.

तुझ्या आईला इकडे पाठव. इथे स्वयंपाकघर तळमजल्यावर आहे.

मामा

*

१९ नोव्हेंबर

प्रिय मामा,
नमस्कार.

आईला तुमच्याकडून आल्यापासून इथलं काही पसंत पडत नाही. काठी घेऊन घरभर फिरते आणि माझ्या कपाटांना नावं ठेवते. वजन चांगलं भरलंय.

काल माझ्या पेपरचं पहिलं सायटेशन आलं. कुठल्या तरी लांबच्या रुग्णालयातले दोन डॉक्टर. मी उभ्या उभ्याच आईला हाक मारली. तिने चष्मा शोधेपर्यंत मी ते वाक्य वाचून काढलं होतं. ते लिहितात : ‘आजारी माणसांना सूत्रापेक्षा जास्त आहार द्यावा, हे आता सिद्ध झाले आहे.’ आणि पुढे माझं नाव.

आजारी माणसांना. सगळ्याच. मी मोजली ती वाळलेली, म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं. चांगल्या जाड, दम लागणाऱ्या माणसाला कोणी यावरून जास्त भरवलं तर ते माझ्या नावावर. हे पेपरात लिहिलेलं आहे, मामा. पहिल्याच पानावर लिहिलंय, ठळक अक्षरांत.

आई म्हणाली, ‘आलंय ना नाव? मग बस की गप्प. समितीला काय, एक तो एक.’ तिचंही खोटं नाही. त्यांना चूक दाखवली तर दुरुस्ती करतील, किंवा माझं नाव काढूनच टाकतील, आणि मी पुन्हा शून्यावर. समिती फेब्रुवारीत बसणार आहे.

त्यांना लिहिलेलं पत्र आधी तुम्हाला दाखवणार होते. पण ते तुमच्याकडे जाऊन परत येईपर्यंत ते डॉक्टर कितीतरी माणसांची ताटं वाढून मोकळे झाले असते. म्हणून आज सकाळी पेटीत टाकून आले, आणि मगच तुम्हाला लिहायला बसले.

तुमची,
ठकी